पिल्लू आधी, पैसे नंतर
शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची धास्ती, म्हणून वस्तीवर राखणीला कुत्रं हवंच. पिल्लाचा शोध आता मोबाइलवर होतो आणि ठगांचं तिथंच फावतं. गोंडस फोटो, निम्मी किंमत, ‘बदली झालीय, चांगल्या घरी द्यायचंय’ अशी गोड बोली. टोकन भरलं की गाडीभाडं, मग पिंजरा, मग लस! प्रत्येक वेळी ‘हे परत मिळतील’ म्हणतात. पिल्लू मात्र येत नाही, कारण ते त्यांच्याकडे नसतंच.

म्हणून पिल्लू आईसोबत प्रत्यक्ष पाहा. लांब असेल तर व्हिडिओ कॉलचा आग्रह धरा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीबाबतच्या 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराला नोंदणी लागते. ती मागायला संकोच कसला? आणि ‘पैसे परत करतो’ म्हणून कुणी पिन मागितला तर देऊ नका; पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगा.

फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. वेळेत कळवलं तर रक्कम गोठवता येते. आणि राखणीलाच कुत्रं हवं असेल, तर आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जवळपास कुणाकडे पिल्लं झालीत, हे तिथं बहुधा कळतं.