परागंदा झालेल्यांचा शोध : जहाजांच्या नोंदी आणि आपल्या वंशावळी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या स्मरणिकेत वेळोवेळी काही घराण्यांच्या वंशावळी छापल्या जातात. त्या मी आवडीने वाचतो. वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. वंशवृक्षाची एखादी शाखा चार-पाच पिढ्या नीट चालते आणि मग एका नावापाशी थबकते. त्या नावापुढे 'परागंदा' किंवा 'निर्वंश' असा एकच शब्द असतो. पुढे काही नाही. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच की, हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. ज्याला आपण निर्वंश समजतो त्याचे पणतू-खापरपणतू हिंदी महासागरातील एका बेटावर सुखाने नांदत असतील, आणि त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव व आपल्या गावाचे नाव तेथील एखाद्या वहीत शाबूत असेल. ते बेट म्हणजे मॉरिशस.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा 1833 साली झाला. मॉरिशसमध्ये तो 1835 च्या फेब्रुवारीत अंमलात आला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळवली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले 36 मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. ठराविक मुदतीचा करार, दरमहा पाच रुपये व शिधा, असे त्यांच्या चाकरीचे स्वरूप होते. पुढे हा ओघ वाढतच गेला. गैरव्यवहाराच्या तक्रारींमुळे मध्यंतरी काही वर्षे बंदी आली. 1842 च्या कायद्याने ती उठली आणि सरकारी देखरेखीखाली कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसे जाऊ लागली. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लक्ष हिंदी माणसे त्या एका बेटावर उतरली. 1912 साली कायदे कौन्सिलात ही करारपद्धती अजिबात बंद करावी असा ठराव मांडणारे नामदार गोखले हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे, हे आपणांस ठाऊक आहेच. तो ठराव त्या वेळी फेटाळला गेला. परंतु पुढे पाच वर्षांतच मजुरांची भरती थांबली.

मुंबईहून गेलेले लोक कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडे, परंतु त्यांत कोकणातील माणसांचा भरणा मोठा होता. याचे कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. डोंगरउताराची वरकस जमीन, एका पावसावर अवलंबून असलेली शेती आणि डोक्यावर खोताचे देणे, ही आपल्या कुणबी पूर्वजांची स्थिती होती. खोती कायद्याने नष्ट झाली ती 1949 साली. तोपर्यंत कित्येक पिढ्यांतील तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरीत. मुंबईत काम मिळाले नाही, की बंदरावरचा मुकादम किंवा दलाल गाठ घेई. 'बेटावर काम आहे, पाच वर्षांत परत येशील' असे सांगे. गावी निरोप जाईलच असे नव्हते. आठ-दहा वर्षे वाट पाहून घरचे लोक 'परागंदा' म्हणत, आणि मग सर्वपित्री अमावास्येस त्याच्याही नावाने पान ठेवू लागत. कारण मृत्युतिथी कोणालाच माहीत नसे.

आता वह्यांकडे वळू. पोर्ट लुई येथे 1849 साली आगंतुकांचा तळ उभारण्यात आला. आज त्या स्थळास 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि 2006 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. जहाज लागले की माणसे तेथील सोळा पायऱ्या चढून वर येत, तळावर एक-दोन दिवस राहत आणि मग मळ्यावर रवाना होत. त्याच वेळी प्रत्येकास एक क्रमांक मिळे. वहीत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, अंगावरील खूण, जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठविले त्याचे नाव असे रकाने असत. प्रारंभीच्या नोंदी त्रोटक आहेत. पुढच्या अधिक भरीव आहेत. 1860 च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हे सारे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. ही संस्था 1970 साली भारत व मॉरिशस यांच्या सहकार्याने स्थापन झाली. वंशजाने चौकशी केल्यास तेथून नोंदीचा उतारा मिळतो.

या वह्या वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे की, आडनाव शोधू नये. वहीत बहुधा माणसाचे एकेरी नाव व बापाचे नाव एवढेच असते. पुढे मॉरिशसमध्ये बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव होऊन बसले. म्हणून तेथील वंशजास त्याचे आडनाव विचारून आपल्या गावातील घराण्याचा पत्ता लागणार नाही. शोधाची किल्ली म्हणजे क्रमांक. तेथील जुन्या जन्म, विवाह व मृत्यूच्या दाखल्यांवर मूळ मजुराचा क्रमांक पुष्कळदा आढळतो. वंशजाने आपल्या दाखल्यापासून आजाच्या, आजाच्या दाखल्यापासून पणजाच्या, असे एकेक पायरी मागे जात त्या क्रमांकापर्यंत पोहोचावे, आणि मग वही उघडावी.

दुसरे पथ्य लिपीचे. नावे लिहिणारा कारकून परका; त्याने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरविले. त्या लिपीत आपल्या ट-त, ड-द, ण-न, ळ-ल यांचा भेद राहत नाही. धोंडूचा दोंदू होतो, बाळाचा बाला होतो. मग गावाच्या नावाची काय कथा! म्हणून नोंद डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने उच्चारून पाहावी. कोकणच्या माणसास जे कानाने उमगेल ते परक्या विद्वानास कोश पाहूनही उमगणार नाही.

तिसरे पथ्य भूगोलाचे. वहीत 'रत्नागिरी' असे लिहिले असेल तर तो जुना, अखंड जिल्हा समजावा. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1981 साली. शिवाय पाली, नांदगाव अशा नावांची गावे कोकणात एकाहून अधिक आहेत. उदाहरणादाखल एक कल्पित नोंद घेऊ : भिकू, बाप सोनू, वय 22, कुणबी, रत्नागिरी, पाली. एवढ्यावरून कोणी एखाद्या घरात शिरून 'हा तुमचाच' असे म्हणू लागला, तर ते धाडसाचे होईल. आपल्याकडे नातवास आजाचे नाव ठेवण्याची चाल असल्याने सोनू-भिकू ही जोडी एकाच घरात दोनदा येईल आणि शेजारच्या वाडीतही सापडेल. म्हणून वय, जहाजाची तारीख, त्याच जहाजातून आलेले त्याच गावचे सोबती, अंगावरील खूण, या सर्वांचा मेळ बसला तरच निष्कर्ष काढावा.

आता एक नाजूक गोष्ट. वहीत जातीचा रकाना आहे, आणि आपण ज्ञातिसंघाचे लोक असल्यामुळे आपली दृष्टी प्रथम तेथेच जाणार. परंतु तो रकाना फार जपून वाचावा लागतो. पहिल्या जहाजांतील मजुरांना इंग्रज कागदपत्रांत 'धांगर' म्हटलेले आहे. ते आपले धनगर नव्हेत. ते छोटा नागपुरातील डोंगराळ भागाचे आदिवासी होत. 'मराठा' हा शब्दही कारकून कधी जात म्हणून, तर कधी मुलूख म्हणून लिही. मळेवाल्यांना कोणत्या जातीची माणसे हवी आहेत हे कानावर आल्यावर कित्येकांनी जात बदलून सांगितली असल्यास नवल नाही. आणि जहाजावर आठवडेच्या आठवडे कुणबी, मराठा, महार एका फळीवर निजले, एका भांड्यातले जेवले. त्यातून 'जहाजी भाई' हे नवे नाते जन्मास आले. पुढे त्यांच्या मुलाबाळांचे विवाह आपल्या पंचांना विचारून झालेले नाहीत. तेव्हा समुद्रापलीकडून कोणी मूळ गाव शोधीत आला, तर 'तुझी आजी कोणत्या जातीची?' हा प्रश्न आपण विचारू नये. रक्ताचा धागा घेऊन जो सहा पिढ्यांनी परत येतो, तो आपला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते काहींना रुचणार नाही याची मला जाणीव आहे.

याच वह्यांनी आपल्याला एका बाबतीत खाली पाहावयास लावले आहे. आपल्या वंशावळींत मुलींची नावे नसतात. लेक दिली, की ती कागदावरून गेली. त्या परक्या सरकारने मात्र, मजुरांची मोजदाद करण्याच्या हेतूने का होईना, प्रत्येक स्त्रीस स्वतंत्र क्रमांक दिला आणि तिचे व तिच्या बापाचे नाव लिहून ठेवले. कोकणातून गेलेल्या एखाद्या विधवेचे किंवा टाकलेल्या बाईचे नाव आज तिच्या माहेरच्या वंशवृक्षात सापडणार नाही, सासरच्याही नाही. सापडले तर जहाजाच्या वहीत सापडेल.

शोधाची निम्मी दोरी अशी मॉरिशसच्या हाती आहे. उरलेली निम्मी आपल्या हाती आहे, आणि ती दरवर्षी झिजत आहे. तेथील वंशजाने गावाचे नाव मिळविले, तो येथवर आला, आणि गावात कोणालाच काही सांगता आले नाही, तर दोष वहीचा नव्हे. 2024 साली भारत सरकारने मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या हिंदी वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले आहे. तेव्हा अशी विचारपूस वाढणार हे उघड आहे. म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो.

एक : प्रत्येक वाडीतील वृद्धांकडून 'समुद्रापार गेला, परत आला नाही' अशा माणसांची नावे व ऐकीव हकीकती लिहून घ्याव्यात. शिमग्याच्या पालखीचा मान कोणत्या घराकडून कोणत्या घराकडे गेला आणि का गेला, याची चौकशी केल्यास अशी नावे हमखास निघतात. दोन : घरातील जुने कागद, जमिनीचे उतारे, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतील आपल्या घराण्याची नोंद, यांच्या नकला करून मंडळाच्या कचेरीत ठेवाव्यात. मुंबईच्या पुराभिलेखागारातही जुन्या सरकारचे या विषयावरील कागद आहेत. आपल्यातील शिकलेल्या मुलांनी ते पाहावेत. तीन : यापुढे स्मरणिकेत वंशावळ छापताना लेकी-सुनांची नावे घालावीत, आणि पुरावा नसेल तेथे 'निर्वंश' हा शब्द न वापरता 'पुढील वृत्त उपलब्ध नाही' असे लिहावे.

मॉरिशसमध्ये आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, तेथील शाळांत मराठी शिकविली जाते, आणि आपण ज्याला जाखडी म्हणतो तो नाच तेथे 'झाकरी' या नावाने अजून नाचला जातो. ज्यांनी आठवणीच्या बळावर नाच आणि देव जतन केला, त्यांच्यासाठी आपण निदान चार नावे जतन करावीत, एवढीच माझी प्रार्थना आहे.