आडनावामागचे घराणे



विद्यानगरात कुळकर्णी, देशपांडे, फडणीस, पोतनीस ही आडनावे आपल्या परिचयाची आहेत. पूर्वजांचा शोध घेणारा बहुधा अशाच नावापासून आरंभ करतो. परंतु ही नावे मुळात कुळाची नव्हेत, कामाची आहेत.

नाना फडणवीसांचेच उदाहरण घ्या. 'फर्द' म्हणजे हिशेबाचा कागद आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. या फारसी शब्दांपासून फडणवीस, फडणीस ही रूपे सिद्ध झाली, असे सामान्यतः मानले जाते. घराण्याचे मूळ उपनाव भानू आणि गाव कोकणातील वेळास. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या समवेत दिल्लीस गेले आणि तेथील दंग्यात मारले गेले. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदा वर्षांच्या नानांकडे फडणिशी आली. तेव्हा 'फडणवीस' या नावाने शोधणारा दरबारापाशीच थांबेल. 'भानू' हाती लागले, तरच तो वेळासला पोचेल. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हेही मूळचे चित्रे. शिवाय दरबारागणिक फडणीस निराळे. म्हणून दोन फडणीस एका कुळाचे असतीलच असे नाही.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. कुळकर्ण्याच्या कामाला कन्नडात शानभोग म्हणतात. आणि कुळकर्णी आडनावाच्या कित्येक घरांत बोलली जाते ती कन्नडच. आडनावावरून हुद्दा कळतो, मातृभाषा नव्हे.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुढे इंग्रजी अमदानीतील इनाम चौकशीत वतनदारांना आपले हक्क कागदपत्रांनिशी सिद्ध करावे लागले. धारवाड मुंबई राज्यात असताना, १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतनेही रद्द झाली. काम गेले, नाव तेवढे उरले.

म्हणून शोध घ्यावा तो मूळ उपनाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि घरातील जुन्या कागदांच्या आधारे. यांतील कागद सर्वांत नाशवंत. ते बहुधा मोडीत असतात आणि मोडी वाचणारे आता थोडे. इतिहासाचार्य राजवाडे असे कागद मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले. आपल्याला तर आपल्याच माळ्यापर्यंत जायचे आहे. घर पाडताना वा बदलताना मोडी रुमाल रद्दीत घालू नका. जाणकाराला दाखवा, निदान ग्रंथालयात आणून द्या. आपल्याला न वाचता आलेले नाव नातवंडांना वाचता यावे, एवढी सोय आपण खचित करू शकतो.