कपाळावरची रेघ

माझ्या भाच्याचं लग्न ठरलं आणि त्याला आपलं कपाळ मोठं दिसू लागलं. कल्याणला दूधनाक्यावर राहतो, वय 26. डोंबिवलीत एका ठिकाणी त्याला सांगितलं होतं, ‘शाळेत होती तशी सरळ रेघ आणून देतो.’ पोरगा खूश. मला म्हणाला, ‘मामू, ठाण्याच्या एका डॉक्टरांनाही दाखवू. तुम्ही सोबत चला.’ माझ्या डोक्यावर आता गमावण्यासारखं काही नाही, म्हणून मला नेलं असावं.

डॉक्टरांनी त्याला भुवया उंचावायला लावल्या, आठ्या कुठवर जातात ते पाहिलं आणि पेनने रेघ काढली. अपेक्षेपेक्षा बोटभर वर, शिवाय नागमोडी! ‘हात हलला का हो?’ मी विचारलं. ते हसले. निसर्ग पट्टी धरून केस लावत नाही, म्हणाले. अगदी काठाला एकेका केसाची मुळं, थोडी मागेपुढे, पुढच्या बाजूला झुकलेली. त्यांच्यामागे दोन-तीन केसांची. कानशिलांवरचे कोपरे मुद्दाम आत ठेवायचे.

डोक्याच्या मागचे केस पुढे लावले तरी आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइच यांनी 1959 साली मांडलं. पण तेव्हा चार-चार मिलिमीटरचे पुंजके लावत आणि माणूस बाहुलीसारखा दिसे.

खरी गोम पुढेच होती. मागचा साठा मोजका. काढलेलं मूळ तिथे पुन्हा येत नाही. आज सगळं पुढे ओतलं आणि चाळिशीत मधलं टक्कल वाढलं, तर पुढे कुंपण आणि मागे मैदान! मला माझ्या गझला आठवल्या. चांगले काफिये मतल्यातच खर्चून पुढे शेरांसाठी हात चोळत बसलोय मी.

डोंबिवलीत शस्त्रक्रिया नक्की कोण करणार, हे भाच्याने विचारलंच नव्हतं. ती प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी, यूट्यूबवर पाहून येणारी ही विद्या नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली बजावलं आहे.

शिवाय लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, पुरतं रूप यायला वर्ष जातं. लग्न तर दोन महिन्यांवर. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, ‘वर्षभराने या, मग ठरवू’ म्हणाले. परतीच्या लोकलमध्ये पोरगा गप्पच होता.

निकाहला त्याने सेहरा बांधला होता. कपाळ कुणाला दिसलंच नाही.