गुण आणि गिऱ्हाईक

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. बाजारात चांगला माल मागे का पडला, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा या म्हणीवर सोपवून मोकळे होतो. आज मी अशाच एका चांगल्या मालाची हकीकत सांगणार आहे. ती ऐकल्यावर ही म्हण अर्धीच खरी आहे, असे कदाचित आपल्यालाही वाटेल.

हा माल म्हणजे एक मोटार. ‘हॅचबॅक’ जातीची, सामानाची पेटी मागे वेगळी न काढता मागचे दारच वर उघडते, अशी आटोपशीर गाडी. तिचे नाव फियाट पुंटो. युरोपात तिची ही पिढी 2005 साली अवतरली. भारतात ती जून 2009 मध्ये आली आणि तयार होऊ लागली ती पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावी, महागणपतीच्या गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत. मराठी माणसाला फियाट हे नाव नवे नव्हते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटने मुंबईच्या दोन पिढ्यांना टॅक्सीतून हिंडवले होते.

मी दिल्लीत मुनिरक्यात राहतो. 2011 साली आयुष्यातली पहिली मोटार घ्यायला निघालो, तेव्हा पुंटो चालवून पाहिली. दार मिटताना होणारा तो भरीव आवाज आजही माझ्या कानात आहे. बाहेरच्या रिंगरोडवर ती रस्त्याला धरून चाले. खड्ड्यावरून जाताना अंगाला हिसका बसत नसे. उणिवाही होत्या. वडील मागे बसले आणि गुडघे पुढच्या आसनाला टेकतात, म्हणाले. पण एकंदरीत गाडी मनात भरली.

संध्याकाळी शेजारच्या पंजाबी गृहस्थांनी मला तीनच प्रश्न विचारले. ‘कितना देती है? सर्व्हिस कहाँ होगी? बेचोगे तो क्या मिलेगा?’ पहिल्याचे उत्तर मध्यम होते, कारण अंगाने भारी गाडी इंधनात काटकसर करील तरी किती? उरलेल्या दोहोंचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या डीडीएच्या वसाहतीत पुंटो एकही नव्हती. मारुती स्विफ्ट मात्र मोजून पाच होत्या. सहावी मी आणली.

आता यातली गंमत ऐका. पुंटोचे डिझेल इंजिन 1248 घनसेंटिमीटरचे, फियाटच्या घराण्यातले. स्विफ्टचे डिझेल इंजिनही त्याच मूळ आराखड्याचे, परवान्याखाली मानेसर येथे बनणारे. ते अपुरे पडू लागले, तेव्हा 2012 साली मारुतीने रांजणगावाहूनही इंजिने घेण्याचा करार केला. ज्या गावी पुंटो गिऱ्हाइकाची वाट पाहत होती, त्याच गावचे इंजिन प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसून देशभर धावू लागले! हृदय एकच, नशीब मात्र निराळे. मग दोष गुणांचा कसा म्हणावा?

पुंटोची अडचण केवळ न बोलण्याची नव्हती. तिचे दुकान परके होते. 2006 पासून फियाटच्या गाड्या टाटांच्या विक्रेत्यांकडे विकल्या जात. त्याच दालनात टाटांची इंडिका व्हिस्टा उभी असे, आणि तिच्याही एका प्रकारात रांजणगावचेच इंजिन होते. ज्याच्या घरी स्वतःची मुलगी लग्नाची आहे, तो पाहुण्याच्या मुलीचे स्थळ किती हिरिरीने जमवील? 2013 पासून फियाटने स्वतःची दालने उघडली; पण विश्वास हे रोप उशिरा लावले, तर लवकर फळत नाही. शिवाय 2014 साली नवा चेहरा देऊन पुंटो पुन्हा आणली, तेव्हा तिचा मूळ साचा नऊ वर्षांचा झालेला होता.

याहून खोल कारण मला निराळेच दिसते. मोटारीचा खरा कस डोळ्यांना दिसत नाही. पत्र्याची जाडी, सांध्यांची मजबुती, धडकेत माणूस वाचेल की नाही, यांतले काहीही ग्राहकाला दुकानात तपासता येत नाही. जे तपासता येत नाही, त्याची हमी कोणी तरी द्यावी लागते. ती देणारा निःपक्षपाती पंच नसेल, तर ग्राहक शेजाऱ्याला विचारतो. आणि शेजारी जे मोजता येते तेच सांगतो: लिटरमागे किलोमीटर आणि विकतानाचे रुपये.

नोव्हेंबर 2014 मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने हवापिशव्या नसलेल्या भारतीय स्विफ्टची धडक-चाचणी जाहीर केली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. ती बातमी वाचली, त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. गाडी घेतली तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. विकताना काय मिळेल हे मी विचारले होते. धडक झाली तर काय होईल, हे विचारायचे मला सुचले नव्हते. पुंटो अधिक सुरक्षित ठरली असती, असा माझा दावा नाही. युरोपातील पुंटोला 2005 साली पाच तारे मिळाले होते. पुढे कसोटी कडक झाली आणि 2017 साली त्याच पुंटोला तेथे एकही मिळाला नाही. माझे शल्य एवढेच की मी प्रश्नच चुकीचा विचारला.

आणि त्या चुकीच्या प्रश्नाचे उत्तरही पुढे फिरले. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई केली. ज्या किमतीच्या आशेने मी स्विफ्ट घेतली, ती 2021 साली परराज्यातील गिऱ्हाइकाने सांगितली तेवढ्यावर सोडावी लागली.

पुंटो 2020 पूर्वीच बाजारातून गेली. पण रांजणगावची कथा तेथे संपली नाही. तेथेच बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये पाच तारे मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मोटार. आणि पुढे ती देशात भरघोस खपली. गाव तेच, पण या वेळी न दिसणाऱ्या गुणाला मोजमाप लाभले होते, आणि विक्रेत्याला ते अभिमानाने सांगता येत होते. ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची कसोटीही सुरू झाली आहे.

म्हणून त्या म्हणीला मी एक पुरवणी जोडीन. गव्हाने बोलावे हे खरे. पण बाजारात खरा तराजू असावा आणि गिऱ्हाइकाने तो पाहून घ्यावा, हेही तितकेच खरे. माझी मुलगी आता मोटार चालवायला शिकते आहे. गाड्यांची चर्चा निघाली की तिचा पहिला प्रश्न असतो, ‘बाबा, हिला तारे किती?’ मायलेजचे ती नंतर विचारते.