फुकटचा विमा : खरा कोणता, खोटा कोणता?

(पावसाळ्याआधीच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांनी मागितलं म्हणून बोलल्याप्रमाणे छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं.)

 

मी बारावीपर्यंत शिकले, म्हणून पाड्यातली माणसं कागद घेऊन माझ्याकडे येतात. वनहक्काच्या दाव्यांनंतर सगळ्यात जास्त कागद येतात ते विम्याचे. आणि प्रश्न एकच असतो : "बाय, फुकट विमा देतो म्हणतात. खरं का फसवतात?"

माझं उत्तर असं आहे, की फुकटचा विमा खराही आहे आणि खोटाही आहे. खरा जो आहे तो घ्यायला आपण जात नाही, कारण त्यासाठी तलाठ्याकडे दहा खेपा माराव्या लागतात. खोटा जो आहे तो गाडीत बसून आपल्या अंगणात येतो, म्हणून आपण त्याला अंगठा देतो.

आधी खरा सांगते. आम आदमी विमा योजना. २ ऑक्टोबर २००७ ला सुरू झाली. विमा एलआयसीचा होता. खेड्यातल्या भूमिहीन कुटुंबासाठी होता. आपल्या राज्यात अडीच एकरापर्यंत बागायत किंवा पाच एकरापर्यंत जिरायत असणाऱ्यालाही त्यात धरत. घरातला कर्ता माणूस, नाहीतर एक कमावता माणूस, वय १८ ते ५९. माणूस आजारानं किंवा असाच गेला तर घरच्यांना ३०,००० रुपये मिळायचे. अपघातात गेला तर ७५,०००. अपघातात एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर ३७,५००. शिवाय नववी ते बारावीत शिकणाऱ्या दोन मुलांना महिना १०० रुपये शिष्यवृत्ती मिळायची.

याचा हप्ता वर्षाला २०० रुपये होता. निम्मा केंद्र सरकार भरायचं, निम्मा राज्य सरकार. आपल्याला एक पैसा द्यायचा नव्हता. मग फुकट झालं का? नाही झालं. आपण साबण घेतो, काडेपेटी घेतो, एसटीचं तिकीट काढतो, त्या सगळ्यात सरकारला कर देतो. तो पैसा आपलाच आहे. म्हणून तलाठ्यासमोर हात जोडून उभं राहायचं नाही. अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

आता खोटा विमा कसा ओळखायचा? कोणीही विम्याचं बोलायला आलं, की एकच गोष्ट विचारायची. हप्ता कोण भरतो? सरकारच्या फुकट योजनेत सरकार भरतं. बाजारातल्या विम्यात आपण भरतो. तिसरा कोणी म्हणाला, मी भरतो, तर तिथं कान टवकारायचे.

असे तीन प्रकार आपल्या भागात फिरतात.

पहिला : "विमा फुकट आहे, फक्त फॉर्मचे पन्नास रुपये द्या." ज्याचा हप्ता सरकार भरतं, त्याच्या फॉर्मला पन्नास रुपये कशाचे? पावती मागा. पावती नसेल तर पैसे नाहीत.

दुसरा एजंटचा. तो म्हणतो, "दादा, पहिला हप्ता मीच भरतो, तुम्ही फक्त सही करा." हे ऐकायला फार गोड वाटतं. पण विम्याचा कायदा १९३८ चा आहे, त्याच्या ४१ व्या कलमात हप्त्यात अशी सूट द्यायला बंदी आहे. मग तो का भरतो? पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं असतं, म्हणून. दुसऱ्या वर्षी तो फिरकत नाही आणि हप्ता आपल्या गळ्यात पडतो. पावसाळ्यात घरात नागली नसते, हप्ता कुठून भरणार? मग पॉलिसी बंद. सुरुवातीलाच हप्ते थांबले तर भरलेलेही बरेचसे बुडू शकतात. एजंटकडे ओळखपत्र असतं, ते दाखवायला तो बांधलेला आहे. दाखवलं नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. तो पैसे मागत नाही, कागद मागतो. रेशनकार्ड द्या, ओळखपत्र द्या, जमिनीचे जे काय जुने कागद असतील ते द्या, आणि या कोऱ्या फॉर्मवर अंगठा द्या. आमच्याकडे एका पाड्यावर असा माणूस येऊन गेला. पाच घरांनी पत्र्याच्या पेटीतून काढून त्याला फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या दिल्या. झेरॉक्स नाही, मूळ पावत्या. तो परत आला नाही.

साथींनो, त्या पावतीची किंमत काय आहे? आपल्या आजानं जंगलात प्लॉट काढला म्हणून त्याला दंड झाला. कोंबडी विकून, वेठ करून त्यानं तो भरला. तेव्हा ती पावती अपमानाची होती. आज वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायला तीच पावती सरकारी पुरावा आहे. विम्याच्या आशेनं ती हातातून गेली, तर जमिनीचा दावा लंगडा पडतो. त्या पाच घरांसाठी आता आम्ही म्हाताऱ्यांचे जबाब आणि जुन्या बांधांचा पंचनामा गोळा करतोय. होईल, पण जे हातात होतं ते पुन्हा उभं करावं लागतंय.

म्हणून विम्याचं बोलताना मी जमिनीवर येते. विमा आणि जमीन वेगळी नाही.

बघा. सरकारचा दुसरा एक विमा होता, शेतकऱ्यांचा अपघात विमा. हप्ता सरकार भरायचं. शेतकरी वीज पडून गेला, साप चावून गेला, तर घरच्यांना १ लाख रुपये मिळायचे. पण तो मिळायचा कोणाला? ज्याचं नाव सातबारावर असेल त्याला. आता सांगा, साप सातबारा बघून चावतो का? आपला माणूस प्लॉटवर भात लावताना गेला, तर कागदावर तो शेतकरीच नाही. तीस वर्षं नांगर धरला तरी नाही. शेजारच्या गावच्या सावकाराचं नाव सातबारावर आहे, तो शेतात पाय ठेवत नाही, पण विमा त्याला होता. दाव्यावर जमीन नावावर व्हायला हवी, ती यासाठीसुद्धा.

आणखी एक अडचण. आम आदमीच्या फॉर्मवर 'भूमिहीन' असं लिहिलेलं असायचं. पुष्कळ जण विचारायचे, "तिथं अंगठा दिला आणि उद्या दाव्यात म्हणाले, तू तर भूमिहीन, तर?" ही भीती खोटी नाही. कुठल्याही योजनेचा असा फॉर्म आला, तर तो सोडायचा नाही आणि खोटंही लिहायचं नाही. स्पष्ट लिहायचं : 'सातबारावर नाव नाही. वनजमीन कसतो. वनहक्काचा दावा दाखल आहे.' आणि त्याची नक्कल ठेवायची.

आता थोडं कठीण बोलते. माणूस गेल्यावर कागद करायचं आपल्याला सुचत नाही. घरात रडारड असते, त्याच दिवशी माती देतो, आणि विमा तिथंच अडकतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची, तिला पैसे लागत नाहीत. वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय नोंद होत नाही. वीटभट्टीवर कोणी गेलं तर नोंद तिथंच होते, आपल्या गावात नाही. प्रेत घेऊन निघताना दाखल्याचं बघूनच निघा. शेठ म्हणेल, गाडी देतो, लवकर न्या. त्याची घाई त्याच्यासाठी असते. अपघात असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम लागतं. साप चावला तर आधी दवाखाना, हे विम्यासाठी सांगत नाही, जीव वाचावा म्हणून सांगते. पण माणूस नाहीच वाचला, तर दवाखान्याचा तोच कागद मागे राहिलेल्या बाईच्या कामाला येतो.

तर या मेळाव्यात आपण चार गोष्टी ठरवू.

एक, विम्याचा माणूस घराघरात जाणार नाही. ग्रामसभेसमोर उभा राहून बोलेल, ओळखपत्र दाखवेल.

दोन, मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची. कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

तीन, प्रत्येक पाड्यानं सरकारी योजनेत बसणाऱ्यांची यादी करून एकत्र तहसीलला न्यायची. एकटा गेला की उद्या ये म्हणतात. शंभर गेले की खुर्ची देतात.

चार, मागणी करायची : वनजमीन कसणाऱ्याला शेतकरी अपघात योजनेत धरा.

विमा मेल्यावर मिळतो. जमीन जगायला लागते. दोन्ही आपल्या हक्काची आहेत, पण एकासाठी दुसरं घालवू नका.

जिंदाबाद!