पंचाहत्तर तासांचे शिक्षण

अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांत परिचारिकेच्या हाताखाली ‘प्रमाणित साहाय्यिका’ असतात. रुग्णास स्नान घालणे, घास भरविणे, अंथरुणास खिळलेल्याची कूस बदलणे ही त्यांची कामे. १९८७ च्या कायद्याने त्यांना किमान ७५ तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले. त्यांपैकी १६ तास तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे. मग परीक्षा, आणि राज्याच्या नोंदवहीत नाव. शुश्रूषागृहाने आधीच नोकरी देऊ केली असेल, तर या शिक्षणाचे शुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही; तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलींनी हे ध्यानी ठेवावे.

शिक्षक म्हणून मला हे तास तोकडे वाटतात. परक्या वृद्धाची लाज राखून त्यास स्नान घालणे इतक्यात कसे साधावे? यासाठी नोकरी स्वीकारताना वेतनाआधी विचारावे : आरंभीचे दिवस मला कोणा अनुभवी साहाय्यिकेसोबत ठेवणार ना?