शिपवरचा माणूस आणि घरातला कागद

(आठ मार्चच्या निमित्ताने देवबाग, ता. मालवण येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मोठ्या क्रूझ बोटीवरच्या जीवनाविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. आधीच कबूल करते, मी अशा बोटीवर कधी पाय ठेवलेला नाही. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी या किनाऱ्यावर बायकांबरोबर काम करायला लागले, त्याला आता बारा वर्षं झाली. बोटीची माझी ओळख आहे ती बोटीवर गेलेल्यांच्या घरांतून, त्यांच्या बायकांच्या आणि आयांच्या तोंडून. त्या बाजूनेच आज बोलणार आहे.

मेळाव्याचं आमंत्रण द्यायला आम्ही गेल्या महिन्यात घरोघर फिरलो. एका घरी साठीच्या काकी अंगणात सुकी मच्छी राखत बसल्या होत्या. "मुलगा काय करतो?" विचारलं. म्हणाल्या, "झिल शिपीर आसा. पैशे येतत. खंयची शीप, ता माका ठावक नाय गो बाय." पुढच्या दोन घरांत सुनांना विचारलं. एकीला कंपनीचं नाव अर्धवट ठाऊक होतं. दुसरी म्हणाली, "ह्यांच्या मोबाइलमध्ये असतं सगळं." तो मोबाइल त्या घडीला समुद्रावर होता!

माणूस दूर आणि बाई घरी, हे कोकणाला नवं नाही. आपल्या आज्यांचे नवरे आगबोटीने मुंबईला गेले. मालवणच्या बंदरात बोट खडकांच्या बाहेर थांबायची आणि माणसं पडावातून ये-जा करायची. नवरा गिरणीत आणि बायको मनीऑर्डरची वाट बघत. पण गिरणगावात निदान गाववाल्यांची खोली होती, निरोप पोचायचा. शिपवरच्या माणसाला अशी खोली नाही. त्याचा पत्ता रोज बदलतो.

आता ही शिप असते कशी ते पाहू. 'आयकॉन ऑफ द सीज' ही जगातली एक प्रचंड क्रूझ बोट २०२४ साली सुरू झाली. लांबी सुमारे ३६५ मीटर, वीस मजले, पूर्ण भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २३५० कर्मचारी. आपल्या देवबागेत काही ठिकाणी समुद्राकडून नदीकडे पाच मिनिटांत चालत जाता येतं. ही बोट उभी चालायची तर तेवढाच वेळ लागेल. वर पोहण्याचे तलाव, नाटकगृहं, दुकानं. खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास, कर्मचाऱ्यांच्या छोट्या खोल्या, बहुधा एकावर एक बिछाने आणि दोघांत किंवा चौघांत एक खोली. अनेकांना खिडकी नसते.

बोट चालवणारे कप्तान आणि इंजिनीयर थोडे असतात. बाकीचे बहुसंख्य स्वयंपाक करतात, वाढतात, भांडी घासतात, चादरी बदलतात, संडास धुतात. म्हणजे ज्याला आपण घरकाम म्हणतो तेच! सहा ते नऊ महिन्यांचा करार, आणि त्या काळात पूर्ण सुट्टीचा दिवस बहुतेकांना नसतो. एक सफर संपली की सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. मधल्या काही तासांत हजारो खोल्या नव्यासारख्या करायच्या. जे पुरुष घरी पाण्याचा तांब्या उचलत नाहीत, ते तिथे दिवसाला दहा-पंधरा बिछाने घालतात. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. या कामाला पगार मिळतो तेव्हा ते पुरुषांनाही उत्तम जमतं, एवढंच दाखवायचं आहे.

बंदर लागलं की प्रवासी सकाळी उतरतात, गाव बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. जेवण बोटीवर, झोपणं बोटीवर. कर्मचाऱ्याचं बंदर वेगळं. आपत्तीसाठी काही जणांना पाळीपाळीने बोटीवर थांबावंच लागतं. बाकीच्यांना कामाच्या मधल्या दोन-तीन तासांची मोकळीक. कुणी पैसे पाठवायला धावतो, कुणी फुकट वायफाय मिळेल तिथे कोपऱ्यात बसून घरी फोन लावतो. जगातली पंचवीस बंदरं पाहून आलेला नवरा त्यांतल्या कॉफीच्या दुकानांपलीकडे फारसं सांगू शकत नाही, असं एकीने मला सांगितलं, ते याचमुळे.

आता एक अनुभव सांगते. बाईचं आणि गावाचं नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. तिचा नवरा सहा वर्षं बोटीवर खोल्या साफ करण्याच्या कामावर होता. एक दिवस त्याच्या सोबत्याचा निरोप आला, "त्याला पोटात दुखायला लागलं, बंदरात उतरवून हॉस्पिटलात नेलाय." कुठलं बंदर? सोबत्याची बोट तोवर पुढे गेलेली. नवऱ्याचा फोन बंद. मुंबईच्या एजंटचा नंबर लागेना. कराराची प्रत घरात नाही. आठ दिवस ती बाई, तिची सासू आणि मी फोन फिरवत बसलो. शेवटी चुलत दिराच्या मोबाइलमध्ये जुन्या कराराचा फोटो सापडला आणि त्यावरून ठिकाण लागलं. ऑपरेशन झालं होतं, माणूस वाचला. पण पुढे एजंटच्या माणसाने परतीच्या तिकिटाचे पैसे घरच्यांनी भरावेत असं सांगितलं. तिने बांगड्या गहाण ठेवून भरले. तो खर्च बोटीच्या मालकाचा असतो हे आम्हाला नंतर कळलं. पैसे परत मिळवायला सात महिने लागले.

मैत्रिणींनो, मीही त्या आठ दिवसांत काही कामाची नव्हते. कौटुंबिक हिंसा, पोटगी, रेशनकार्ड यांचे कायदे मला पाठ होते. समुद्रावरच्या कामगाराचा कायदा कुणी शिकवला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

तो कायदा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी श्रम करार केला, २०१३ पासून तो अमलात आला आणि २०१५ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्यात बोटीवर कोणतंही काम करणारा माणूस सागरी कामगार धरला जातो, वेटर आणि झाडूवालासुद्धा. सही केलेल्या कराराची प्रत त्याला मिळाली पाहिजे. पगार निदान महिन्याला झाला पाहिजे, आणि त्यातला भाग थेट घरच्यांना पाठवायची सोय हवी. आजारपणाचा आणि घरी परत आणण्याचा खर्च मालकाचा. काम दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांपेक्षा जास्त नको, किंवा विश्रांती दिवसाला १० आणि आठवड्याला ७७ तासांपेक्षा कमी नको, यांपैकी एक मर्यादा पाळावीच लागते. भरती करणाऱ्या एजंटला नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत. त्याच्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. आपल्याकडे नोकरीसाठी लाखभर मोजताना परवाना किती जणींनी विचारला?

कागदावरचं सगळं पाळलं जातं असं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' बोट कोरोनामुळे अडकली. ३७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत थांबवलं, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी कामावरच राहिले आणि रात्री एकाच खोलीत दाटीने झोपत राहिले. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाली, ३२ माणसं गेली. त्यांतला एक मुंबईकडचा तरुण वेटर. त्याचे अवशेष सापडायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. जवळजवळ तीन वर्षं घरचे वाट बघत होते.

आता आपल्या मुलींविषयी. बारावी झालेल्या, हॉटेलचा कोर्स केलेल्या मुली विचारतात, "ताई, आम्ही जावं का शिपवर?" मी नको म्हणत नाही. २०२१ च्या पाहणीनुसार जगातल्या सागरी कर्मचाऱ्यांत बायका जेमतेम दोन टक्के, आणि त्यांतल्या बहुतेक क्रूझवर. पण जाताना हे समजून जा. बोटीवर मुख्यतः तिच्या झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो, आणि झेंडा बहुतेकदा बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचा. त्रास देणारा एका देशाचा, मुलगी दुसऱ्या देशाची, बोट तिसऱ्याची, आणि घटना घडली भर समुद्रात. तक्रार करायची कुठे? अमेरिकेत पीडितांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१० साली कायदा झाला. तिथल्या बंदरांना लागणाऱ्या बोटींवर गुन्ह्याची खबर देणं आणि बलात्काराच्या तपासणीचं साहित्य ठेवणं बंधनकारक झालं. दारांना बाहेर बघायचं भिंग हवं, हेसुद्धा कायद्याने सांगावं लागलं! आपला लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ चा, आणि त्याच्या मागे भंवरीदेवीचा लढा आहे. बायकांनी मागितल्याशिवाय जमिनीवर काही मिळालं नाही, पाण्यावरही मिळणार नाही.

शेवटचा मुद्दा इथल्या घराचा. देवबागेत, तारकर्लीत घरोघर निवास-न्याहारी आहे. पर्यटक डॉल्फिन बघून येतात, माशाचं जेवण जेवतात, आंघोळीला गरम पाणी मागतात. चादरी कोण बदलतं? पहाटे घावणे कोण घालतं? रात्री अकराला आलेल्या गाडीसाठी भात कोण टाकतं? जे काम शिपवर नवरा पगाराने करतो, तेच काम बायको इथे घरचं म्हणून करते. त्याला निदान कागदावर दहा तासांची विश्रांती आहे. तुम्हाला किती तासांची आहे? आणि पाटीवर, नोंदणीवर, बँकेच्या खात्यावर नाव कुणाचं?

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं. उद्या या किनाऱ्यावरही क्रूझचे प्रवासी दिवसभरासाठी उतरतील, अशी स्वप्नं दाखवली जातील. तेव्हा ज्याच्या नावावर कागद, त्याच्या हातात पैसा. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात बायकांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची परतफेड आहे, पण मालकी बाईची असेल तरच. शेजारी वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात. वल्हं हातात घेतल्यावर सुरुवातीला लोक हसले असतीलच, आज पर्यटक त्यांना शोधत येतात.

म्हणून आज भाषण संपलं की लगेच उठू नका. आम्ही एक वही आणली आहे. ज्यांच्या घरचं कुणी शिपवर आहे त्यांनी बोटीचं नाव, झेंडा, कंपनी, एजंटचा परवाना क्रमांक आणि घरी पैसे कोणत्या खात्यात येतात एवढं लिहायचं. ठाऊक नसेल तर तेवढी जागा कोरी सोडायची. पुढच्या फोनला "जेवलात काय?" विचारून झालं की हेही विचारायचं आणि कराराचा फोटो मागवून त्याची प्रत घरात ठेवायची. निवास-न्याहारी चालवणाऱ्यांनी नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लिहायचं. पुढच्या महिन्यात याच शाळेत बसून कोऱ्या जागा किती भरल्या ते बघू.

त्या मच्छीवाल्या काकी मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मुलाला फोन करून बोटीचं नाव विचारून घेतलं, मघाशीच मला सांगितलं. वहीत पहिलं नाव त्यांच्या मुलाच्या बोटीचं लिहू या.